महाराजांचं दोन रुपयांचं नाणं ग्रेडिंगला पाठवताना

१९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा चेहरा असलेलं दोन रुपयांचं नाणं निघालं. तांबं-निकेलचं, अकरा कोनांचं, सहा ग्रॅम वजनाचं. बहुतेक मराठी घरांत ते कुणीतरी प्रेमानं बाजूला काढून ठेवलेलं असतं. माझ्याकडे न वापरलेल्या नाण्यांचा छोटा साठा होता. त्यातली निवडक नाणी अमेरिकेतल्या एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपनीकडे दर्जा ठरवायला (म्हणजेच ग्रेडिंगला) पाठवायची, असं मी ठरवलं. नाणं आधुनिक असल्याने एक अडचण आपोआप टळली. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

ग्रेडिंगची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. डॉ. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या एक सेंटच्या नाण्यांसाठी मांडली. १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत ७० दर्जाच्या नाण्याला, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे दर्जा आणि किंमत पहिल्यापासूनच एकत्र बांधलेली. ते गणित आज तसंच चालत नाही, आकडे मात्र राहिले. ६० ते ७० हा पट्टा न वापरलेल्या नाण्यांचा, आणि आधुनिक नाण्यांचा खरा खेळ याच अकरा आकड्यांत चालतो. शिवकालीन होन झिजलेला असला तरी दुर्मिळच असतो. आपलं दोन रुपयांचं नाणं दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती त्याची निर्दोष प्रत.

म्हणून पाठवण्याआधीची निवड हाच या सगळ्या प्रक्रियेचा गाभा आहे, आणि मी सर्वाधिक वेळ तिथेच दिला. टेबलावर मऊ कापड, एकच दिवा, पाचपट भिंग. नाणं फक्त कडेनं धरायचं आणि प्रकाशात हळूहळू तिरपं करत फिरवायचं. टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे पृष्ठभागावरून फिरतात. उंचवट्यावर ते पट्टे तुटले आणि तिथला रंग मंद करडा दिसला, की नाणं थोडं का होईना हाताळलं गेलं आहे, असं समजावं.

वापर झाला नसला तरी खुणा असतात. टांकसाळीतून नाणी पिशव्यांत एकमेकांवर आपटत बाहेर पडतात. या नाण्याला तर अकरा कोन, त्यामुळे एकाचा कोपरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसलेला वारंवार दिसतो. खूण कुठे आहे, यालाही वजन असतं. अक्षरांच्या गर्दीत लपलेला ओरखडा परीक्षक एक वेळ सौम्यपणे घेतात, पण तोच महाराजांच्या गालावर असला तर दर्जा खाली येतो. चांगली दिसणाऱ्या नाण्यांतली नव्वद टक्के माझ्या टेबलावर इथेच गळली.

साफ केलेलं नाणं मात्र मुळीच पाठवू नये. त्याला आकडा मिळत नाही, ‘डिटेल्स’ असा शेरा येतो आणि बाजारभाव कोसळतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नाणी चिंचेनं नाहीतर राखेनं घासून लखलखीत करण्याची पद्धत घरोघरी आहे. आमच्याकडे १९६९चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं आहे, दर दिवाळीला आईनं घासलेलं. भिंगाखाली त्यावर एका दिशेनं गेलेल्या केसासारख्या रेषा दिसतात. ते नाणं पूजेचं आहे, ते तिथेच राहील. त्याला बाजाराचा दर्जा लावावा असं मला कधीच वाटलं नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो वेगळा. तो शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता निघतो, आणि अशा कामाला साफसफाईचा डाग लागत नाही.

पुढचं काम कागदी होतं. वर्ष, मूल्य आणि वर्षाखालची टांकसाळीची खूण: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. अर्जात ‘प्रूफ’ आणि ‘एमएस’ (मिंट स्टेट, म्हणजे नेहमीच्या रीतीनं पाडलेलं, न वापरलेलं नाणं) यांची गल्लत करू नये. प्रूफ ही नाणं पाडण्याची वेगळी रीत आहे, तो दर्जा नव्हे. प्रूफ नाणंही खराब होऊ शकतं. नाणी डीलरमार्फत गेली.

निकाल आला तेव्हा बहुतेकांना ६४ आणि ६५ मिळाले होते, एकाला ६७. साध्या डोळ्यांना ६४ आणि ६७ सारखेच दिसतात. पण ६४च्या नाण्यांना जो भाव सांगितला गेला, त्यात ग्रेडिंगची फीही निघत नव्हती. ६७चं नाणं मी लिलावात दिलं. फी, दोन्हीकडचं कुरिअर, विमा सगळं वजा जाऊन वर पैसे राहिले.

हा भाव कायम टिकेल, असं कुणी धरू नये. कंपनी कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली याची यादी जाहीर करते. आधुनिक नाण्यांचे साठे घरोघरी असल्याने ६७ची संख्या वाढतच जाणार, आणि ती वाढली की भाव उतरतो. विकत घेताना मी ती यादी पाहतो, कंपनी नाणं ज्या सीलबंद डबीत घालून देते तिच्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासतो, कारण बनावट डब्याही फिरतात, आणि मग नाणं स्वतः भिंगाखाली धरतो. एकाच ६६ आकड्याची दोन नाणी शेजारी ठेवली तर एक नेहमी जास्त देखणं असतं. मी तेच घेतो.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिराती पाहून मला आजही लोक विचारतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. विचारणाऱ्याला मी आधी भिंग देतो आणि गाल पाहायला सांगतो.