दहा मीटर चाळीस

गुहेचा नकाशा काढताना लूप बंद झाला नाही, घडलं ते एवढंच. पण त्यावरून आम्ही चौघं पंधरा दिवस एकमेकांशी नीट बोललो नव्हतो.

चौघं म्हणजे दादा, डॉक्टर, बारकी आणि मी. दादा वयाने मोठा आणि गुहेत सगळ्यात आधी उतरलेला. डॉक्टर हा खरोखरचा डॉक्टर, म्हणून तेच नाव. बारकी जिथे शिरते तिथे बाकीच्यांचं हेल्मेटसुद्धा अडकतं. आणि मी वहीवाला. चारच माणसं असण्यामागे जुना हिशोब आहे: एकाला इजा झाली तर एकाने त्याच्यापाशी थांबायचं, दोघांनी मिळून मदत आणायला बाहेर जायचं. एकट्याने अंधारात परत निघायची वेळ कुणावर येऊ नये. गुहेचं नाव मात्र सांगणार नाही. पत्ता फुटला की पहिली माणसं पोचतात ती छताला लोंबणारी दगडी झुंबरं तोडणारी.

आमचा नियम एकच, मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवा बोगदा दिसला की पाय शिवशिवतात, पण आधी धावत सुटलं की नंतर कुणीही टेप घेऊन परत येत नाही, हे आम्हाला स्वतःवरूनच कळलंय. १९७२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा एकच आहेत असं सिद्ध झालं, तेही पाण्यातून मोजत निघालेल्या एका टीममुळे. पुढच्या माणसाला अंधारात एकाएकी पर्यटकांच्या वाटेचं रेलिंग दिसलं! आज त्या गुहेची मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर आहे. आमची दीड किलोमीटरही नाही, पण वही तशीच ठेवायची असते.

मोजायचं म्हणजे काय करायचं? पुढचा माणूस भिंतीवर एखादं टोक निवडून दिवा धरतो, ते झालं स्टेशन. मागचा आपल्या स्टेशनवरून त्या दिव्याकडे होकायंत्र रोखतो, मग चढ-उतार मोजणारा क्लिनोमीटर. मध्ये टेप ताणलेली. लांबी, दिशा, चढ-उतार असे तीन आकडे ओरडून सांगायचे, मी ते परत ओरडायचे आणि मगच लिहायचे. शिवाय डावी-उजवी भिंत आणि छत-जमीन किती लांब, आणि शेजारच्या पानावर चित्र. हा एक लेग. असे लेग जोडत जोडत बोगदा फिरून पहिल्या जागी आला की लूप. नकाशावर शेवटचं स्टेशन पहिल्याच्या डोक्यावर बसायला हवं. तंतोतंत कधीच बसत नाही, पण एकूण लांबीच्या टक्का-दीड टक्का चुकलं तर आम्ही खूश असतो.

हा लूप ४१२ मीटरचा होता, ३९ लेगचा. पहिल्या फेरीत २१ झाले, दोन महिन्यांनी उरलेले १८. घरी येऊन आकडे भरले तर टोकं एकमेकांपासून १०.४ मीटर लांब. अडीच टक्के! म्हणजे नकाशात आम्ही जिथून निघालो तिथे परतलोच नव्हतो, भिंतीच्या आत दहा मीटर जाऊन उभे होतो.

संशय आला तो वहीवर. येणारच. ओल्या कागदावर, गार बोटांनी, चिखलाच्या शिंतोड्यांतून लिहिलेला १ आणि ७ मलाही कधी कधी ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणाला, "सॉफ्टवेअरला वाटून टाकू दे ना." ते तसं करतंही. चूक सगळ्या लेगांवर थोडी थोडी पसरवून लूप बंद करून देतं. १०.४ मीटर ३९ जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला २७ सेंटीमीटर. कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यात जे लेग सरळ होते तेही वाकडे झाले असते. एकाने गडबड करायची आणि दंड सगळ्या वाड्याने भरायचा, त्यातला प्रकार. बारकीने साफ नाही म्हटलं. दादा काहीच बोलला नाही, फक्त "वही नीट बघ" एवढं म्हणाला. ते मला लागलं.

मी रात्र रात्र वही बघितली. एकेक आकडा उलटसुलट करून पाहिला, ७ चे १ केले, ३ चे ८ केले. काही जमेना. मग एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच यायला हवी होती. टेपचा आकडा एखाद्या लेगमध्ये दहा मीटरने चुकला असता, तर टोकांमधली फट त्या लेगच्या दिशेतच पडली असती. आमची फट पडली होती आडवी, म्हणजे दुसऱ्या फेरीचा तुकडा ज्या दिशेने गेला होता तिला जवळजवळ काटकोनात. याचा अर्थ लांबी बरोबर होती आणि तो अख्खा तुकडा बिजागरीवर फिरवलेल्या दारासारखा वळला होता. सरळ रेषेत तो तुकडा १५० मीटर जातो. गणित केलं तर सुमारे चार अंश. चार अंश एका लेगमध्ये काहीच नाही, दहा मीटरला ७० सेंटीमीटर. अठरा लेग एकाच बाजूला चुकले तर दहा मीटर.

यातली गंमत अशी की होकायंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चार अंश खोटं बोललं असतं तर लूप सुखाने बंद झाला असता! सगळा नकाशा चार अंश फिरला असता आणि आमच्या कुणाच्या बापाला कळलं नसतं. उघडकीला आलं ते यंत्र अर्ध्या वाटेत खोटं बोलायला लागलं म्हणून.

होकायंत्र तेच होतं, वाचणारा तोच, दादा. मग दोन महिन्यांत बदललं काय? दुसऱ्या फेरीत आम्ही एक पाप केलं होतं. तो सगळा तुकडा सरपटत जाण्याचा, पोटाखाली गार पाणी, म्हणून उलट वाचन घेतलंच नव्हतं. एरवी पुढच्या स्टेशनवरून मागे वळून पुन्हा वाचायचं आणि दोन आकड्यांत बरोबर १८० चा फरक आहे का ते बघायचं, हा रिवाज. बारकीला हुडहुडी भरली होती आणि "चल, पुढे" असं मीच म्हणालो होतो. तेव्हा वहीवाला अगदीच निर्दोष नव्हता.

पुन्हा गेलो. बाविसाव्या स्टेशनवर चौघंही अवघडून बसलो. भिंतीवर आमचाच पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. पुढे तेवीसवर डॉक्टरचा दिवा. वहीत या लेगची दिशा ५२.

दादाने होकायंत्र डोळ्याला लावलं. हे वाचणं सोपं नाही. एका डोळ्याने भिंगातून तबकडीवरचे आकडे बघायचे, दुसऱ्याने समोरचा दिवा, आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली की मधल्या रेषेखालचा आकडा घ्यायचा. श्वाससुद्धा बाजूला सोडायचा, नाहीतर भिंगावर धुकं. "बावन्न," तो म्हणाला. मी "बावन्न" परत म्हटलं. वहीशी जुळलं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बुचकळ्यातही. मग चुकलंय कुठे?

दादाला चैन पडेना. परत वाचतो म्हणाला, पण तेवढ्यात त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्याने चष्मा काढून तो छातीशी पुसायला बारकीकडे दिला आणि डोळे बारीक करून तसाच वाचायला लागला.

"अठ्ठेचाळीस."

"किती?"

"अठ्ठेचाळीस. थांब, दिसत नाहीये मला." चष्मा घातला. "बावन्न." काढला. बराच वेळ काही बोलला नाही. "अठ्ठेचाळीस."

कुणी काही म्हणेना. छतावरून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज. मग बारकीने होकायंत्र एका सपाट दगडावर ठेवलं, दादाचा चष्मा हातात घेतला आणि काडी हळूहळू जवळ नेली. द्रवात तरंगणारी तबकडी आळसावल्यासारखी वळली. काडी लांब नेली, तबकडी माघारी. पुन्हा जवळ, पुन्हा वळली. मांजराला दोरी दाखवावी तसं.

नव्या माणसाला आम्ही दारातच दरडावतो: घड्याळ काढ, लोखंडी हुक मागे सरकव, दिव्याची बॅटरी होकायंत्राजवळ आणू नकोस. आणि दोन महिन्यांत दादाच्या नाकावर पोलादाची फ्रेम आली होती. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. हेल्मेटखाली पडू नये म्हणून त्याने मागे इलॅस्टिक लावलं होतं, त्यावरून डॉक्टरने चिडवलंही होतं. होकायंत्रापासून दोन बोटांवर पोलाद, आणि ते एकालाही खटकलं नाही. हा बोगदा खडकातल्या एकाच सरळ भेगेवर कोरलेला, त्यामुळे दादाचं तोंड सतत एकाच दिशेला, आणि चूक सतत एकाच बाजूला. उलट वाचन घेतलं असतं तर तोंड फिरलं असतं, चष्म्याची ओढही बदलली असती आणि पहिल्याच लेगला आकडे भांडले असते.

"काढून वाच की मग," डॉक्टर पुढून ओरडला. त्याला तिथून काहीच दिसत नव्हतं.

"काढून आकडे पुसट दिसतात रे," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा. मग गळ्यातली दोरी काढून त्याने होकायंत्र बारकीच्या गळ्यात घातलं. गेली वीस वर्षं ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी पाहिलं नव्हतं. पुढे सरपटत गेला आणि डॉक्टरच्या हातून दिवा घेतला.

अठराही लेग परत केले, या वेळी उलट वाचनासकट, थंडी गेली खड्ड्यात. पण अठरा राहिले नाहीत, पंधराच झाले. पुढे जाऊन स्टेशन निवडणं हे लोकांना हलकं काम वाटतं, तसं ते नाही. असं टोक शोधावं लागतं जिथून मागचंही दिसेल आणि पुढचाही सगळ्यात लांबचा पल्ला मिळेल, शिवाय वाचणाऱ्याचं डोकं तिथे मावायला हवं. दादा मान वाकडी करून, पाण्यात गाल टेकवून अशी टोकं काढत होता की आम्हाला मागच्या वेळी ती दिसलीच नव्हती. बारकी सुरुवातीला प्रत्येक आकडा तीनदा वाचत होती. दहाव्या लेगपासून एकदाच. तिचा आवाजही बदलला, दादासारखाच आकड्याचा शेवट तोडून सांगायला लागली.

बाहेर पडायला रात्र झाली. आकडे त्याच रात्री भरले, कुणाला दम निघतोय! फट १.६ मीटर. लांबीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. डॉक्टर म्हणाला, "आता हे तरी वाटून टाकू द्याल का?" आणि या वेळी कुणाची ना नव्हती.

जुनं पान खोडायचं नसतं. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि कोण काय करत होतं ते लिहिलेलं असतं. त्या अठरा लेगांच्या पानावर रेघ मारून मी "वाचन: दादा" च्या पुढे "चष्म्यासह" असं लिहिलं आणि वही त्याच्यासमोर सरकवली.

त्याने चष्मा वर सरकवला, वाचलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि "चष्म्यासह" च्या आधी "पोलादी" घातलं. मग पेन्सिल परत न देता खाली आणखी एक ओळ लिहिली: "उलट वाचन नाही: वहीवाल्याची घाई."