मावशींनी विचारलं, मग खरं औषध कुठंय?

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमधे समाजसेविका आहे, ऑपरेशनआधी पेशंट आणि घरच्यांना सगळं नीट समजावून सांगायचं हे माझं काम. परवा माण तालुक्यातल्या एक मावशी आल्या, साठीच्या पुढच्या, सोबत सून. स्तनाचा कॅन्सर, पण लवकर सापडलेला. मी नेहमीसारखं सुरू केलं, "मावशी, तुमच्यापुढं दोन पर्याय आहेत."

त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "पर्याय हायेत व्हय. मग खरं औषध कुठंय?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की त्यांनी हा शब्द ऐकलाय तो रस्ता खचला की लागणाऱ्या पाटीवर, पर्यायी मार्ग. म्हणजे मूळचं चांगलं होतं ते बंद झालं, आता हे चालवून घ्या. त्यांना वाटलं खरा इलाज श्रीमंतांसाठी ठेवलाय आणि आपल्याला दुय्यम काहीतरी देतायत. माहितीपत्रकाचं मराठी मीच केलेलं. हिंदीत विकल्प होतं, ते मी मुद्दाम टाळलं कारण आपल्याकडं मनात विकल्प येणं म्हणजे शंका येणं, म्हणून पर्याय लिहिलं आणि मला तो अगदी निर्धोक शब्द वाटला होता.

खरंतर पर्याय हा संस्कृतात फिरून येण्याचा शब्द, परि म्हणजे भोवती आणि इ म्हणजे जाणं, त्यावरून क्रम, पाळी. उडुपीच्या कृष्णमंदिरात आठ मठांची पूजेची पाळी दर दोन वर्षांनी बदलते तिला आजही पर्यायच म्हणतात, तिथं कुणी दुय्यम नसतं, ज्याची पाळी तो मुख्य. पण मावशींना हे सांगून काय उपयोग, त्यांच्या कानाला जो अर्थ आहे तोच त्या खोलीत खरा.

मी म्हटलं, बरं, पर्याय सोडा, दोन इलाज आहेत, दोन्ही खरे, त्यातला तुम्ही एक निवडायचा.

"निवडायचा?" एकदम चेहरा बदलला त्यांचा. "मग आदी खडं दावा की. कशात किती खडं हायेत ते कळल्याबिगर कसं निवडू?"

इतकी वर्षं मी हा शब्द वापरतेय पण त्यातलं सूप-परात मला दिसलं नव्हतं. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, म्हणजे नको ते बाजूला काढतो, आवडीचं उचलणं नंतर. ज्ञानेश्वरीत राजहंस पाण्यातलं दूध निवडून वेगळं करतो तोही हाच शब्द, सातशे वर्षांहून जुना, आणि भांडणाचा निवाडा त्यातलाच. पसंत फारसीतून आलेला, त्यात मनाला भावणं आहे, स्थळ पसंत पडतं तसं. इथं भावण्यासारखं काय होतं?

मग आम्ही खडे काढत बसलो. पूर्ण स्तन काढला तर अवयव कायमचा जातो, जखम मोठी. फक्त गाठ काढली तर स्तन राहतो पण नंतर रेडिएशनसाठी काही आठवडे सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, आणि त्याच स्तनात गाठ परत येण्याची शक्यता थोडी जास्त. बाई किती वर्षं जगते यात दोन्हींत फरक नाही हे इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांत 20 वर्षं बायकांचा पाठपुरावा करून 2002 मधे छापून आलंय, ते पण सांगितलं, कारण घाबरून पूर्ण काढायला सांगणाऱ्या खूप जणी बघितल्यात मी.

सून म्हणाली, आत्या, मी येईन रोज घेऊन. मावशींनी मान हलवली. "रोजचा परवास हा माज्यासाटी लई मोटा खडा. आन् तू घर सोडून हितं ऱ्हायचीस त्यो दुसरा." त्यांनी पूर्ण काढायचं ठरवलं, आणि मग विचारलं की ज्वारीच्या काढणीला हात चालंल ना. ते मी डॉक्टरांना आत बोलावून त्यांच्या तोंडून ऐकवलं, व्यायाम कुठले करायचे त्यासकट.

त्या संध्याकाळी पत्रक उघडलं. "उपलब्ध पर्याय" खोडलं आणि लिहिलं, "दोन्ही इलाज खरे आहेत. प्रत्येकात काय त्रास आहे ते आधी विचारा, मग निवडा."