२४० तासिका आणि घरातले मराठी

फेब्रुवारी २०२० मध्ये, मुलीला तीन वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला असताना, आम्ही तिला म्युनिकमधल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ऊ-७आ या तपासणीसाठी घेऊन गेलो. जर्मनीत जन्मापासून शाळेच्या उंबरठ्यापर्यंत ऊ-१ ते ऊ-९ अशा तपासण्या ठरावीक वयात होतात आणि प्रत्येकीची नोंद एका पिवळ्या वहीत केली जाते. तीन वर्षांच्या तपासणीत मूल किमान तीन शब्दांचे वाक्य बोलते का, हे पाहतात. आमची मुलगी तेव्हा घरी अखंड बडबडत असे, पण ती सारी बडबड मराठीत होती. जर्मन म्हणाल तर ‘हालो’, ‘च्यूस’ (येते) आणि ‘नाइन’ (नाही), एवढीच तिची पुंजी होती. मी ओशाळून तसे सांगितले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘‘तिच्या भाषेत ती तीन शब्दांचे वाक्य बोलते का?’’ मी हो म्हणताच त्यांनी वहीत खूण केली आणि पान उलटले. एवढ्यावर विषय संपला, असे मला त्या दिवशी वाटले होते.

त्या सप्टेंबरात ती किंडरगार्टनमध्ये जाऊ लागली. घरी मराठी, बाहेर जर्मन, अशी आमची सरळ वाटणी होती, आणि ‘तिथे गेली की आपोआप शिकेल’ हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी घरात ऐकल्यामुळे आम्हीही त्यावर निर्धास्त होतो. मात्र डिसेंबर २०२० च्या मध्याला महामारीमुळे बव्हेरियातली, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथली, किंडरगार्टने पुन्हा बंद झाली. मी तेव्हा नोकरी करत नव्हते, त्यामुळे ज्यांना घरी सांभाळणे शक्यच नव्हते अशांसाठी चालू ठेवलेल्या व्यवस्थेत मुलीला पाठवावे, असे आम्हाला वाटले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत ती घरीच राहिली, नंतरही वर्ग कधी उघडे तर कधी बंद असत. ज्या वर्षात जर्मन आपोआप यायचे होते, त्या वर्षातला बराच काळ तिने आमच्या स्वयंपाकघरात, सांगलीच्या आजीशी फोनवर गप्पा मारत काढला.

बव्हेरियात शाळेच्या दोन वर्षे आधीपासून मुलांच्या भाषेचे पद्धतशीर निरीक्षण होते. स्थलांतरित घरांतील मुलांसाठी ‘झिस्मिक’ आणि जर्मन घरांतील मुलांसाठी ‘झेल्डाक’ असे दोन निरीक्षण-तक्ते आहेत. शिक्षिका मुलाला समोर बसवून परीक्षा घेत नाही. सकाळी सगळी मुले गोल करून बसतात त्या ‘सकाळच्या गोलात’, खेळताना, जेवताना, गोष्ट ऐकताना मूल काय करते, ते पाहून ती तक्ता भरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्हाला बोलावणे आले. सकाळच्या गोलात आमची मुलगी एक शब्दही बोलत नाही, दोघीतिघींच्या खेळात बोलते पण वाक्ये तुटक असतात आणि गोष्टीवरच्या प्रश्नाला मान हलवून उत्तर देते, असे शिक्षिकेने सांगितले. तिने हे अतिशय आपुलकीने सांगितले, हे मुद्दाम नोंदवते. ‘फोरकुर्स डॉइच २४०’ या शाळेआधीच्या जर्मन वर्गाची शिफारस तिने केली आणि निरोप घेताना म्हणाली, की घरीही थोडे जर्मन बोललात तर बरे होईल.

त्या रात्री नवऱ्याने आणि मी बराच वेळ खल केला आणि दुसऱ्या दिवसापासून घरात जर्मन सुरू केले. हा प्रयोग सहा आठवडे चालला. माझे जर्मन बी-१ या मध्यम पातळीच्या परीक्षेपुरते. त्यात मी भाजी घेऊ शकते आणि घरमालकाशी वाद घालू शकते, पण मुलीची समजूत काढू शकत नाही. दोन-तीन दिवसांतच आमचे बोलणे आज्ञांवर आले. बूट घाल, हात धू, लवकर चल. तिने काही विचारले की माझे अर्धे लक्ष तिच्या प्रश्नाकडे आणि अर्धे ‘देर, दी, दास’ या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या उपपदांकडे असे, आणि उत्तर देऊन होईपर्यंत तिचा प्रश्न शिळा झालेला असे. लाडाचे बोलणे तर बंदच झाले, कारण ‘माझं पिल्लू ते’ याला जर्मनमध्ये काय म्हणायचे, हे मला कोणत्याच वर्गात शिकवले नव्हते. एकदा तिला अंघोळ घालत असताना तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘आई, तू त्या बाईंसारखी नको ना बोलूस.’’

जानेवारीत धाकट्याला ताप आला म्हणून त्याच डॉक्टरांकडे जाणे झाले, तेव्हा मी हा विषय काढला. त्यांनी आमचा प्रयोग ऐकून सरळ बंद करायला सांगितला. तुम्ही मुलीला तुमच्या चुकांसह तुमचे जर्मन द्याल आणि त्यापायी तिची एकमेव पक्की भाषा अर्धवट ठेवाल. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येते आणि गोष्ट सांगता येते तीच घरी बोला, आणि जर्मनसाठी तिला जर्मन बोलणाऱ्या मुलांत जास्त वेळ ठेवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला त्या क्षणी हलके वाटले, आणि हे आपल्याला स्वतःला का सुचले नाही, याचा रागही आला. घरी परत येताना बसमध्ये मी दोन्ही मुलांना चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. धाकटा दुसऱ्या वाक्याला झोपला.

फोरकुर्सविषयी मनात जी भीती होती ती मात्र निराधार निघाली. हा वर्ग एकूण २४० तासिकांचा असतो. निम्म्या तासिका किंडरगार्टनमधले कर्मचारी घेतात आणि निम्म्या प्राथमिक शाळेतील शिक्षक. शाळेआधीच्या उपान्त्य वर्षाच्या उत्तरार्धात तो सुरू होतो, म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये. लहानशा गटात चित्रे पाहून गोष्ट जुळवणे, यमकाचे शब्द ओळखणे, टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे पाडणे, असे त्याचे स्वरूप होते. गटात तुर्की, अरबी आणि क्रोएशियन घरांतली मुले होती, तसाच एका अस्सल बव्हेरियन घरातला मुलगाही होता, कारण ज्यांची घरची भाषा जर्मन आहे अशा मुलांनाही गरज असल्यास या वर्गात घेतात. त्या मुलाला पाहून मला जे समाधान वाटले ते मुळीच शोभणारे नव्हते, पण वाटले खरे. पाच-सहा मुलांत आमची मुलगी बोलू लागली. उन्हाळ्यापर्यंत ती बाहुल्यांना एका रांगेत बसवून, थेट शिक्षिकेच्या सुरात, जर्मनमध्ये दटावू लागली होती.

जर्मन असे मार्गी लागले आणि मराठीत गमती सुरू झाल्या. ‘‘माझा बाउख दुखतोय’’ असे ती एकदा म्हणाली. पोटाला जर्मन शब्द वापरला याचे मला नवल वाटले नाही, ‘माझा’ने मात्र मला चकित केले. पोट मराठीत नपुंसकलिंगी, पण ‘बाउख’ जर्मनमध्ये पुल्लिंगी. शब्दाबरोबर त्याचे लिंगही तिने उचलून मराठीत आणले होते. तिन्ही लिंगे दोन्ही भाषांत असल्यामुळे ही अदलाबदल तिला अगदी सोपी जात असे. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी असल्याने आमच्याकडे काही दिवस ‘सूर्य आली’ होती. अंकांत मात्र दोन्ही भाषांनी तिला साथ दिली, कारण जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असेच एकवीस मोजतो. फक्त ‘एकोणतीस’ने तिला फसवले, त्यात ‘तीस’ ऐकू येते म्हणून तो तीसच्या पुढचाच असला पाहिजे, असा तिचा ठाम दावा होता.

यातली एक चूक माझ्या आईला फार लागे. जर्मनमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोन्हींसाठी ‘वीर’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे मुलगी सरसकट ‘आम्ही’ म्हणू लागली. ‘‘आजी, तू आलीस की आम्ही तळ्यावर जाऊ,’’ असे तिने फोनवर सांगितले, तर आई म्हणाली, ‘‘आणि मला घरी ठेवणार होय गं?’’ मुलीला यात काय चुकले ते कळेना आणि मला ते फोनवर समजावता येईना.

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही महिनाभर सांगलीला गेलो. त्या वर्षी ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पहिले तीन दिवस मुलगी माझ्या मागे लपून होती आणि भाचरे तिला ‘जर्मन पाहुणी’ म्हणून चिडवत होती. चौथ्या दिवशी पत्त्यांच्या डावात कोणीतरी रडीचा डाव खेळले आणि भांडायला भाषा लागते म्हणून ती मराठीत भांडली. परत येताना ती ‘‘गप की गं’’ आणि ‘‘असं कुठं असतंय’’ घेऊन आली. नाशिककर नवऱ्याने नाक मुरडले, मला मात्र विमानात बसून माहेर सोबत आणल्यासारखे वाटले. ‘आपण’ही ती तिथेच शिकली. ‘आम्ही खेळतोय’ म्हणणाऱ्या बहिणीने तिला खेळातून वगळले, आणि जे मला फोनवर समजावता आले नव्हते ते तिला एका क्षणात समजले.

मार्च २०२३ मध्ये शाळेत नावनोंदणी झाली. शिक्षिकेने तिला चित्र काढायला सांगितले, चार प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. १२ सप्टेंबरला हातात स्वतःएवढी मोठी शूलट्यूटे, म्हणजे खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदी शंकू, घेऊन ती पहिलीत गेली.

आमचे लक्ष इतकी वर्षे तिच्या जर्मनवर होते. त्या शरद ऋतूत एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि आतल्या खोलीतून दोन्ही मुलांचे भांडण ऐकू येत होते. मी हात तसेच ठेवून ऐकत राहिले. दोघेही जर्मनमध्ये भांडत होती. असे कधीपासून चालले होते, ते मला सांगता येणार नाही. बहुधा ती शाळेतून आली की तिथले बोलणे तसेच पुढे चालू ठेवत असावी आणि धाकट्याने तिच्यामागून तेच उचलले. थोरलीला पहिली तीन वर्षे फक्त मराठी मिळाले होते. धाकट्याच्या वाट्याला घरातच जर्मन बोलणारी बहीण आली.

२०२५ च्या सुरुवातीला त्याच्या भाषेविषयी किंडरगार्टनने कागद दिला, की याला जर्मनसाठी विशेष साहाय्याची गरज नाही. तीन वर्षांपूर्वी असा कागद मिळावा म्हणून मी काय दिले असते! तो घेऊन घरी आले आणि त्याला मराठीत विचारले, आज काय काय केलेस, तर त्याने सगळे नीट समजून घेऊन सविस्तर उत्तर दिले, जर्मनमध्ये.

तेव्हापासून आजीला फोन करायचे काम त्याच्याकडे दिले आहे. सांगली आमच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे आहे, म्हणून दुपारी चारच्या आत फोन झाला तरच आई रात्रीच्या जेवणाआधी निवांत सापडते. आईला जर्मन येत नाही आणि मी जवळ थांबत नाही, हा या व्यवस्थेतला खरा भाग आहे. तो अडतो, हातवारे करतो, अधूनमधून बहिणीला हाक मारून शब्द विचारतो. पंधरा मिनिटांतली पाच मिनिटे तरी शांतता असते, आणि आई ती शांतता भरून काढत नाही, हे तिचे कौतुक. बहिणीने ‘आम्ही’ धरले होते, त्याने ‘आपण’ धरले आहे. गेल्या शुक्रवारी मी बाहेरच्या खोलीतून ऐकले, तो म्हणत होता, ‘‘आजी, उद्या आपण पोहायला जाणार आहोत.’’

‘‘अरे वा,’’ आई म्हणाली, ‘‘थांब, टॉवेल काढून ठेवते.’’