रीडिंग चांगलं आलंय, मग एक्स-रे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पोटात पेसमेकर बसवलेल्या मुलांचे आईबाबा हटकून विचारतात, "प्रोग्रॅमरवर (पेसमेकर बाहेरून तपासायच्या यंत्रावर) सगळं ठीक आहे, मग पुन्हा एक्स-रे का?" तपासण्या वाढवायची मला हौस नाही.

प्रोग्रॅमर आकडे सांगतो. लीड, म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी वायर, तुटली की तिचा रोध साधारण २००० ओहमच्या वर जातो, वरचं आवरण फाटलं की २०० च्या खाली येतो. थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पाडायला लागणारा कमीत कमी झटका, चढत गेला तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि बॅटरी लवकर संपते. हे सगळं त्यात दिसतं. वायर हृदयाच्या पुढून गेली आहे की मागून, हे मात्र त्यात दिसत नाही.

तान्ह्या बाळाच्या शिरा बारीक असतात, म्हणून लीड हृदयाच्या बाहेरून शिवतात आणि पुढच्या वाढीसाठी वायरचं जादा वेटोळं आत ठेवतात. ते वेटोळं हृदयामागे गेलं, भोवतीच्या व्रणपेशींनी तिथेच जखडलं, आणि मूल उंच होऊ लागलं, की गळफास आवळत जातो. कधी जवनिका (हृदयाचा खालचा कक्ष) दाबली जाते, कधी फुप्फुसाकडे जाणारी धमनी, कधी हृदयाचीच रक्तवाहिनी. लीडचं टोक शाबूत असल्यामुळे रीडिंग शेवटपर्यंत उत्तम येऊ शकतं. मूल धावताना दमतं, छातीत दुखतं म्हणतं, चक्कर येऊन पडतं, किंवा काहीच होत नाही आणि अचानक सगळं संपतं. समोरून काढलेल्या फिल्मवर वेटोळं निरुपद्रवी वाटू शकतं; बाजूने काढलेली हवीच. संशय आला तर सीटी, कोरोनरी अँजिओग्राफी, आणि मग शस्त्रक्रिया करून वायर सोडवणं.

हे दुर्मीळ आहे, बहुतेक मुलांना कधीच होत नाही, हेही खरं. छातीच्या एका एक्स-रेचं रेडिएशन निसर्गातून काही दिवसांत मिळतं तेवढंच. दरवर्षी काढावा असा सरसकट नियम मला एकेकाळी पटायचा. आता वाढीचा वेग पाहून ठरवावं असं वाटतं. पण वाढ कधी झपाट्याने होईल हे आधी कुठे कळतं? इथे माझं मलाच पटत नाही.

फिल्ममध्ये पोटही यायला हवं. जनरेटर, म्हणजे पेसमेकरची बॅटरी असलेली डबी, पोटाच्या भिंतीतल्या कप्प्यातून निसटून पोटाच्या पोकळीत, अगदी ओटीपोटापर्यंत उतरू शकतो आणि आतडं अडवू शकतो. नेहमीच्या जागी तो हाताला लागेनासा झाला, पोट फुगून उलट्या झाल्या, कप्प्यावर लाली आली किंवा पाणी आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म जपून ठेवा. नवी फिल्म तिच्याशीच ताडून पाहायची असते.