‘स्वानी’ची उडी अखेर बसली (आणि लगेच बेत बदलला)

बसली! हार्मोनिकावर ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ हे गाणं वाजवताना ‘स्वानी’ या नदीच्या नावावर येणारी, चौथ्या होलवरून सातव्यावरची ती उडी काल रात्री सलग ११ वेळा स्वच्छ वाजली. बाराव्या वेळी घरच्यांनी दार लावून घेतलं, म्हणून मोजणी तिथेच थांबली.

‘ओ सुझाना’ झाल्यावर मी ऐटीत लिहिलं होतं, की स्टीफन फॉस्टर या जुन्या अमेरिकन गीतकाराची गाणी सी (C) पट्टीच्या हार्मोनिकावर हातचा मळ. शब्द मागे घेतो. सुझाना ४ ते ६ होलांच्या गल्लीतच फिरते. ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ (१८५१) सुरू होतं तेही साळसूदपणे: ग रे सा, ग रे सा... आणि मग एकदम सां ध सां. सा (४) आणि सां म्हणजे वरचा सा (७) दोन्ही ब्लो, म्हणजे फुंकून वाजणारे, मधले ५ आणि ६ हेही ब्लो. श्वास चालू ठेवून सरकलं की ग आणि प वाटेत डोकावतात, लग्नाच्या बँडसारखं ‘सागपसां’. श्वास तोडला तर मध्ये खड्डा. ओठ आवळून दोन आठवडे घासलं, ओठ सोलले, बाकी काही नाही. (लाकडी कोंबचा (होल असलेल्या मधल्या पट्टीचा) हार्मोनिका वापरणाऱ्यांनो, तो ओलाव्याने फुगून टोचतो. प्लास्टिकच बरं, सुराचा फरक माझ्या कानाला तरी कळत नाही.)

शेवटी टंग ब्लॉकिंगला, म्हणजे जिभेने नको ते होल झाकायच्या पद्धतीला, शरण गेलो. तोंडात ४ ते ७ चारही होल घ्यायचे, जिभेने ५-६-७ झाकून डाव्या कोपऱ्यातून सा, मग जीभच डावीकडे सरकवून ४-५-६ झाकायचे, उजव्या कोपऱ्यातून सां. हार्मोनिका जागचा हलत नाही! पहिल्यांदा जमलं तेव्हा मी स्वतःच दचकलो.

गंमत म्हणजे ही उडी नेमकी ‘स्वानी’ या शब्दात आहे: स्वा खाली, नी वर. याच जागी फॉस्टरही अडला होता. त्याच्या वहीत या शब्दाच्या जागी आधी ‘पीडी’ नदी आहे. मग भावाकडे दक्षिणेतल्या दोन अक्षरी नदीचं नाव मागितलं, नकाशात फ्लोरिडातली सुवानी सापडली, तिचं एक अक्षर छाटलं. नदी स्वतः कधी पाहिली नाही. ‘पीडी’ घालून वाजवून पाहिलं, मनातल्या मनात गात. वरचा सां ‘डी’वर ठेचकाळतो. ‘नी’वर तरंगतो.

आणि एवढं करून छापील प्रतीवर गीतकार म्हणून नाव ख्रिस्तीचं, म्हणजे हे गाणं गाणाऱ्या मिन्स्ट्रेल मंडळीच्या मालकाचं! १८५२ मध्ये फॉस्टरने आपलं नाव परत मागणारं पत्र लिहिलं. तोंडाला काजळी फासून गुलामांच्या बोलीत गाण्याचा तो मिन्स्ट्रेल प्रकार मला पचत नाही, म्हणून मी बोल बाजूला ठेवून सूर घेतो. अंतऱ्यात फक्त भूपाचे पाच स्वर आहेत, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? ध्रुवपदात नि आणि म आल्यावर म्हणूनच खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

यानंतर फॉस्टरचंच ‘ब्युटिफुल ड्रीमर’ घेणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: जीभ मधोमध ठेवली तर ४ आणि ७ एकत्र वाजतात, आयता ऑक्टेव्ह (तोच स्वर खालचा आणि वरचा एकदम)! आत्ता करून पाहिलं. ग (५-८) सुरेख, सा सुरेख, मधला रे बोंबलला. ड्रॉमध्ये, म्हणजे श्वास आत ओढून वाजवताना, रेची जोडी ४-८, म्हणजे एक होल जास्त. जीभ पसरली नाही की रेच्या बोकांडी नि बसतो. आता ड्रीमर राहू दे. ग-रे-सा, एवढे तीनच स्वर, पुढचा आठवडाभर. जीभ रुंद करायची युक्ती कुणाकडे असेल तर टाका.