‘कोयना भुकंप’ टाइप केल्यावर काय येतं

आमच्या लायब्ररीत गेले दोन महिने एक काम चाललंय, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, आज रविवार मिळालाय तर बसलेच. मी पाटण तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ग्रंथपाल आहे. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प असतो आणि आमच्याकडची निम्मी मुलं विषय घेतात कोयना. साहजिकच आहे, धरण उशाशी आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची ती पहाट सांगणारं कुणीतरी अजून घराघरात आहे. पण प्रकल्पाच्या वह्या उघडल्या की दरवर्षी तेच चार परिच्छेद, तेच फोटो, शब्दसुद्धा तेच. गूगलवर जे पहिलं आलं ते उतरवलेलं, आणि आता तर एआयला विचारलं की दोन मिनिटांत पाच पानं तयार. मुलांना रागावून काय उपयोग? दुसरीकडे कुठे बघायचं हे आपण त्यांना दाखवलंच नाही ना.

म्हणून यंदा ठरवलं की ऑनलाइन डेटाबेस, म्हणजे लेख, पुस्तकं, प्रबंध शोधायच्या साइट, नीट तपासायचे, आणि मी एकटीने नाही, मुलांनीच तपासायचे. डेटाबेस कसा जोखायचा ते आम्हाला शिकताना असतं, जर्नल्स किती, मागची किती वर्षं मिळतात, इंडेक्सिंग कसं आहे, अपडेट कधी होतं. ते सगळं योग्यच आहे. पण सोळा वर्षांचं पोर मोबाईलवर मराठीत टाइप करून काहीतरी शोधतं तेव्हा त्याच्या हाताला काय लागतं, हे त्या यादीत कुठे येत नाही. मला वाटतं या वयाच्या मुलांसाठी डेटाबेस चांगला की नाही हे त्यांच्याच प्रश्नावर आणि त्यांच्याच फोनवर ठरलं पाहिजे.

शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं की सात जण थांबायचे. प्रत्येकाने आपला प्रश्न आधी वहीत लिहायचा, मग एका डेटाबेसवर चाळीस मिनिटं, आणि शेवटी सापडलेलं एक पान शेजारच्याला आपल्या शब्दात सांगायचं. सांगता आलं तर तो डेटाबेस पास. सापडलं पण सांगता आलं नाही तर तेही लिहून ठेवायचं, का नाही सांगता आलं ते.

पहिल्या शनिवारी घेतली नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. आयआयटी खरगपूरने उभी केलेली, २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली, फुकट आहे, ॲपही आहे. एका मुलीने टाइप केलं ‘कोयना भुकंप’, भु ऱ्हस्व. कामाचं काही आलं नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला, ‘मॅडम, कोयनेवर काहीच नाहीये यांच्याकडे.’ मी म्हटलं दीर्घ करून बघ. तिने ‘भूकंप’ केलं तर यादी बदलली, मग इंग्रजीत शब्द टाकले तर यादी एकदम लांबलचक झाली. तिथे मी थांबले आणि सगळ्यांना गोळा केलं, कारण त्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. गूगल आपलं शुद्धलेखन समजून घेतं, सुधारून घेतं, आणि मुलांची सवय त्याच्यावर झालेली. डेटाबेस तसं करेलच असं नाही, त्यामुळे ‘काही नाही’ असं आलं की मूल विश्वास ठेवतं आणि परत गूगलकडे जातं. आम्ही त्या दिवशी प्रत्येकाच्या वहीत एका विषयाचे पाच-सहा शब्द लिहून घेतले, कोयना, शिवाजीसागर, भूकंप, धरण, जलाशय, आणि यांचेच इंग्रजी शब्द. आता शोधायला बसताना आधी ही यादी करतात, मी न सांगता.

याच डिजिटल लायब्ररीबद्दल आणखी एक समजून सांगावं लागलं. पुस्तकं, प्रबंध, व्हिडिओ बहुतेक करून तिच्या स्वतःकडे नसतात, ती देशभरातल्या वेगवेगळ्या संस्थांच्या साठ्याची माहिती एका जागी आणते आणि आपल्याला मूळ जागी पाठवते. म्हणजे ती सूची आहे, कपाट दुसऱ्याचं. त्यामुळे कधी लिंक उघडते, कधी त्या संस्थेची साइटच बंद असते. एका मुलाच्या तीन लिंका लागोपाठ मेल्या आणि तो फार वैतागला. पण भाषा आणि शैक्षणिक पातळी निवडायची सोय आहे ती त्याला दाखवली, शाळेची पातळी लावल्यावर यादी आटोक्यात आली आणि चौथी लिंक उघडली. फिल्टर ही गोष्ट मुलं शॉपिंगच्या ॲपवर बरोबर वापरतात, इथेही तेच आहे म्हटल्यावर लगेच कळतं.

दुसऱ्या आठवड्यात शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं हे, भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध. मला वाटलं होतं मुलं घाबरतील. झालं असं की ती घाबरली नाहीत, हरवली. प्रबंध तिथे एका फाइलमध्ये नसतो, तुकड्या-तुकड्यांत असतो, पहिली फाइल टायटल, मग सर्टिफिकेट, मग डिक्लेरेशन, आभार, अनुक्रमणिका, आणि बरंच खाली गेल्यावर चॅप्टर एक. एक मुलगा वीस मिनिटं सर्टिफिकेट, डिक्लेरेशन उघडत बसला, डेटा गेला, आणि म्हणाला यात नुसत्या सह्या आहेत. त्याची काय चूक, प्रबंध कसा असतो हे त्याने कधी बघितलेलंच नाही. मग आमच्या कपाटातला एक छापील बांधीव प्रबंध काढला, टेबलावर ठेवला, पानं उलटून दाखवली, हे शीर्षक, हे मार्गदर्शकाचं पत्र, ही अनुक्रमणिका, आणि इथून खरा मजकूर. हातात धरल्यावर दोन मिनिटांत कळलं. पुढच्या वेळी तो आधी अनुक्रमणिकेची फाइल उघडून कुठलं प्रकरण हवं ते बघून थेट तिथे गेला. धरणामुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनावरचं ते प्रकरण मराठीत होतं, त्याने त्यातलं दीड पान वाचून शेजारच्याला सांगितलं, आणि सांगताना मध्येच म्हणाला, हे तर माझ्या पणजोबांचंच आहे. त्या दिवशी त्याला उठवून घरी पाठवावं लागलं.

मराठी विश्वकोशाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तो आपला आहे, वाईत झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला, आणि वीसच्या वीस खंड ऑनलाइन कुणालाही मोफत वाचता येतात. सातही जणांनी सगळ्यात जास्त पसंती याला दिली. मराठीत आहे, लॉगिन नाही, फोनवर पटकन उघडतो, नोंदीच्या शेवटी लेखकाचं आडनाव आणि बऱ्याचदा संदर्भही असतात. मुलांना हे फार आवडलं, कुणीतरी माणसाने हे लिहिलंय आणि खाली नाव दिलंय हे. पण पहिला खंड १९७६ चा, आणि सुरुवातीच्या खंडांत गावांच्या लोकसंख्येपुढे कंसात १९७१ असं वर्ष दिलेलं असतं. एका मुलीने आपल्या प्रकल्पात लोकसंख्या उतरवली आणि कंस सोडून दिला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून. तिला मी चूक सांगितली नाही, विचारलं की तुझ्या गावात एवढीच माणसं आहेत का? ती एकदम हसली आणि परत जाऊन कंस शोधून आली. माझी मनापासून तक्रार एकच आहे, जुन्या नोंदीच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात, ही नोंद कोणत्या वर्षाची हे असायला हवं. जाणत्या वाचकाला ते कळतं, पंधरा वर्षांच्या मुलाला कळत नाही. नवीन नोंदी ज्ञानमंडळांतून, म्हणजे विश्वकोशाच्या विषयवार तज्ज्ञगटांतून, येतायत, कुमार विश्वकोशही आहे, जीवसृष्टी आणि पर्यावरणाचा भाग या वयाला अगदी बरोबर बसतो. असं अजून खूप हवंय.

मग आकड्यांचाच एक शनिवार झाला. भूकंपाची तीव्रता किती? एकाकडे ६.३, दुसऱ्याकडे ६.५, तिसरीकडे ६.६. मृतांचा आकडा एका जागी १७७, एका जागी १८०, कुठे सुमारे २००. मुलं माझ्याकडे बघायला लागली, खरं कुठलं मॅडम? मी म्हटलं कुणी दिलंय आणि कशावरून दिलंय ते बघा. मग कळलं की तीव्रता मोजायच्या पद्धतीच वेगवेगळ्या असतात, कुणी कुठली मोजपट्टी वापरली त्यावर आकडा बदलतो. शास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांचे लेख मुलांना इंग्रजी डेटाबेसमधून सापडले, धरणात पाणी भरल्यावर होणाऱ्या भूकंपांवर त्यांनी आयुष्यभर काम केलंय. कोयनेत पाणी अडवायला १९६२ च्या सुमाराला सुरुवात झाली आणि मोठा धक्का ६७ ला, हा क्रम मुलांनी स्वतः वहीत मांडला. कराडला बोअरहोल जिओफिजिक्सची सरकारी लॅब आहे, याच भूकंपांसाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास केलाय, हे आमच्या मुलांना माहीतच नव्हतं, रोज त्याच रस्त्याने एसटीने जातात.

पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसचंही सांगते. एका कंपनीने महिनाभर ट्रायल दिला, मोठा परदेशी, शाळकरी मुलांसाठी म्हणून विकला जाणारा. इंग्रजीत काही गोष्टी खरंच छान होत्या, एकच लेख सोप्या आणि अवघड दोन्ही पातळ्यांवर वाचता यायचा, वाचून दाखवायची सोय होती, आमच्या दोन मुलांना त्याचा फार आधार वाटला. पण मराठीत टाकलं की शून्य. कोयना इंग्रजीत टाकलं तरी जेमतेम. आणि खातं उघडताना जन्मतारीख, ईमेल, फोन सगळं मागत होतं. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. मी विचारलं ती संमती तुम्ही कशी घेता, तर समोरून सरळ उत्तर आलं नाही. आम्ही घेतला नाही. मुलांची माहिती म्हणजे मला त्यांच्या दप्तरासारखी वाटते, कुणाच्याही हातात द्यायची नाही.

माझी भाची अटलांटाजवळ असते, दहावीला. तिच्या राज्यात गॅलिलिओ म्हणून सरकारी सोय आहे, १९९५ पासून, शाळेतून किंवा सार्वजनिक वाचनालयातून मुलांना महागडे डेटाबेस मोफत मिळतात आणि किशोरांसाठी वेगळं पान आहे. व्हिडिओ कॉलवर तिने दाखवलं तेव्हा माझी मुलं गप्प होऊन बघत होती. आपल्याकडे केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालंय, तेरा हजाराच्या वर जर्नल्स, फार मोठं काम आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण ते सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. अकरावी-बारावी त्यात नाही. पाठ्यपुस्तक एका टोकाला, पीएचडीचा प्रबंध दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जागेत आमची सोळा वर्षांची मुलं उभी. त्या मधल्या जागेत मराठीतून काहीतरी उभं राहावं असं मला फार वाटतं, आणि ते करणाऱ्यांनी आधी चार कॉलेजांतल्या मुलांबरोबर चार शनिवार बसावं.

आता लायब्ररीच्या दाराजवळ मुलांनी स्वतः लिहिलेली कार्डं लावलीयत, त्यांच्या अक्षरात, त्यांच्या भाषेत. शोधगंगेच्या कार्डावर लिहिलंय: ‘सर्टिफिकेट उघडू नका, आधी अनुक्रमणिका.’ विश्वकोशाच्या: ‘कंसातलं वर्ष बघा!!’ आणि पहिल्या शनिवारच्या त्या मुलीने आपल्या कार्डावर फक्त दोन शब्द लिहिलेत, ‘भू दीर्घ’.