सुचलं की टिपून ठेव म्हणे!

डोक्यात कल्पनांची गर्दी आहे आणि वेळ मात्र पुरत नाही, असं कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "सुचलं की लगेच टिपून ठेव." या सल्ल्याचा मला अजून राग येतो. नोकरी सांभाळून कथा लिहिणाऱ्या बाईलाही टिपण्यापुरती दोन मिनिटं मिळतातच. घोडं अडतं ते पुढे, टिपलेलं सगळं समोर पसरल्यावर.

माझ्या मोबाइलमधल्या यादीत कथा होत्या, एक श्रुतिका होती, चित्रमालिका होती, मुलांसाठी कोडी होती, आणि सुरुवातीचा पत्ता नसलेल्या कादंबरीचं शेवटचं वाक्यही होतं. यातलं आधी काय लिहायचं?

'प्राधान्यक्रम लावा' म्हणतात, म्हणून तक्ता केला. नावीन्याला गुण, आवडीला गुण, लागणाऱ्या वेळाला गुण. मग रकान्यांना रंग दिले. मग वाटलं, 'कुणी वाचेल का' असाही रकाना हवाच. लिहिण्यासाठी राखलेला वेळ तक्ता सजवण्यात जाऊ लागला, आणि वर काम केल्याचं समाधान! बरं, निकाल लागला तरी पटेना. श्रुतिका पहिली आली की मन खट्टू व्हायचं, मग एका कथेचे गुण हळूच वाढवायचे. पुन्हा बेरीज, पुन्हा तेच. सगळ्याच कल्पना बऱ्या होत्या, पंचाईत तीच होती. वाईट असत्या तर केव्हाच काढून टाकल्या असत्या. शेवटी वैतागून तक्ता बंद केला आणि जिच्यासाठी लबाडी करत होते तीच कथा घेतली. तक्त्याचा उपयोग झाला तो एवढाच.

तरी बाकीच्या गप्प बसेनात. सगळ्यांना थोडाथोडा वेळ द्यावा असं वाटायचं. तो मोह सुटला रांगांच्या गणितामुळे, म्हणजे रांगेत किती वेळ ताटकळावं लागतं याच्या हिशेबामुळे. त्यात जॉन लिटल या अमेरिकी संशोधकांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे. कामं येण्याचा आणि संपण्याचा वेग सारखा असेल, तर हातात सरासरी जितकी कामं असतात त्यांना त्या वेगाने भागायचं, की एक काम सरासरी किती काळ रखडतं ते कळतं. महिन्याला एक काम हातावेगळं होत असेल आणि 12 उघडी असतील, तर प्रत्येकाला सरासरी वर्ष लागतं. 3 उघडी ठेवली तर 3 महिने. वर्षाकाठी पुरी होणारी कामं दोन्हीकडे 12 च! हे कागदावर मांडून पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. आता तीनच उघडी. चौथी हवी असेल तर एक पुरी तरी करायची, नाहीतर सरळ बाजूला ठेवायची.

हो, टिपण्याबद्दल एक राहिलंच. पूर्ण वाक्य लिहा, आणि त्यात आपल्याला काय आवडलं तेही लिहा. माझ्या यादीत "लिफ्टमधला माणूस, पण मागून" अशी नोंद आहे. कोण माणूस, मागून काय, देव जाणे.

बाजूला ठेवलेल्यांपैकी ज्या फारच छळतात, त्यांच्यापुढे 'हातातली कथा संपली की पहिला प्रसंग लिहायचा' असं नेमकं लिहून ठेवते. अर्धवट राहिलेलं काम नुसतं मनात घोळण्यापेक्षा ते कधी आणि कसं करायचं हे ठरवलं की त्याची टोचणी कमी होते, असं 2011 च्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात दिसलं होतं. माझ्या बाबतीत तरी ते खरं ठरलं. 'कधीतरी' एवढंच लिहिलं, तर मात्र काही उपयोग होत नाही.

आणि लिहायला बसल्यावर शेजारी कोरा कागद ठेवा. नवीन काही सुचलं की त्यावर एक ओळ खरडायची आणि परत फिरायचं. मोबाइल उघडू नका. ती यादी दिसली की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.